सावलीतल्या गोगलगायी

ईशानचा मेसेज आला तेव्हा मी आइंडहोवन स्टेशनबाहेर बसची वाट बघत उभी होते. "आई गेली." एवढंच. शालिनीताईंचा हा मुलगा इथेच, नेदरलँड्समध्ये जन्मला, इथेच वाढला. आईच्या मराठी प्रश्नांना त्याने आयुष्यभर डचमधून उत्तरं दिली आणि ही बातमी मात्र मराठीत लिहिली. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बस आली, गेली, आणि मी तिथेच... त्याला आता दोन महिने होतील. अजूनही माझं वाक्य 'शालिनीताई म्हणतात' असंच सुरू होतं आणि मग जीभ अडखळते.

साताऱ्याहून त्या मास्ट्रिख्टला जीवशास्त्र शिकायला आल्या आणि इथल्याच झाल्या. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचा मामला, एका माणसाच्या आयुष्यात ती काही दिसायची नाही, असं तेव्हा त्यांच्या विभागात बहुतेक सगळे धरून चालत. या पाच फुटी बाईने सांगितलं की झुडपांच्या कुंपणातल्या गोगलगायी बघा, दिसेल. उन्हातल्या गवतात पिवळ्या शंखाच्या गोगलगायी जास्त, दाट झाडीखाली तपकिरी. रंग पिल्लांना आईबापांकडून मिळतो. जिचा रंग आजूबाजूला खपून जातो ती पक्ष्याच्या नजरेतून सुटते आणि तिची पिल्लं वाढतात. म्हणजे जागा बदलली तर पिढ्यांगणिक रंगही बदलायला हवा. लोक हसले. पुढे त्यातलेच काही आपले विद्यार्थी घेऊन त्यांच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले, तेव्हा ताईंनी त्यांना शिरा खाऊ घातला आणि जुनं काही काढलं नाही. मी एकदा चिडवलं, "ताई, तुम्ही म्हणजे अगदी गोगलगाय आणि पोटात पाय!" तर रागावायचं सोडून खूश झाल्या. "अगं, शास्त्राच्या दृष्टीने अचूक म्हण आहे ती! पोटानेच चालते ती."

निवृत्तीनंतर विद्यापीठातली जागा गेली, पण गावाबाहेर भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा राहिला. इथे फ्लॅटमध्ये राहणारे लोक असे तुकडे घेऊन बटाटे, गुलाब लावतात. ताईंनी एका कोपऱ्यात मेथी लावली आणि बाकी सगळी जागा गोगलगायींना दिली. गवतातल्या एका जाळीत पिवळ्या, कुंपणाच्या सावलीतल्या दुसऱ्या जाळीत तपकिरी. दोन्ही घराणी त्यांनी वर्षानुवर्षं वेगळी जपली होती. मोठ्या गोगलगायींच्या शंखावर नेलपॉलिशचा ठिपका असे. स्वतः कधी नखं रंगवली नाहीत, पण दुकानात मात्र लाल की मोरपंखी यावर त्या माझा चक्क अर्धा तास घेत.

आणि मग माझी आई पुण्याहून आली. श्रावण होता. ताई आणि मी बागेच्या फाटकापाशी बोलत उभ्या असताना आईने मेथी निवडायला घेतली आणि तिला पाल्यावर गोगलगायी दिसल्या. गवताची जाळी कुठेतरी उसवली होती. एरवी पुण्याच्या अंगणात तिने सरळ मीठ टाकलं असतं. पण श्रावणात जीव मारायचा नाही! तिने लहानमोठ्या सगळ्या हलक्या हाताने पातेल्यात गोळा केल्या आणि सावलीच्या जाळीत नेऊन सोडल्या. गवताच्या जाळीतल्याही काही घेतल्या, कारण "तिथे बिचाऱ्या उन्हात भाजत होत्या." ठिपकेवाल्या परत वेगळ्या काढता आल्या. पिल्लांवर अजून खूण नव्हती. ती मिसळली ती मिसळलीच.

ताई पालथ्या बादलीवर बसल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मग त्या उठल्या, डोळे पुसले आणि आईला म्हणाल्या, "काकू, चहा टाकू का? तुम्ही पुण्य केलंत, आता मी त्याचं काय होतं ते बघते." त्याच आठवड्यात त्यांनी सावलीची जाळी पक्ष्यांसाठी वरून उघडी केली. उन्हातली ही पिल्लं सावलीत टिकतात का, टिकली तर कोणत्या रंगाची, हा नवा प्रयोग. मी म्हटलं, "ताई, एक पिढी वयात यायलाच दोन-तीन वर्षं लागतात ना?"

"हो."

"मग उत्तर कधी मिळणार?"

"मला नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "कोणाला तरी मिळेल."

त्या 'कोणाला तरी'चं ओझं नंतर त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं. पाठ दुखत होती, पण पाऊस पडला की गोगलगायी बाहेर येतात, म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जाणं पुढच्या आठवड्यावर जाई. आणि इथे पाऊस कधी थांबतो? दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी भेटले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, हात माझ्या हातात. "बघणारं कोणी नसलं तरी गोगलगायी बदलतच राहतील गं," म्हणाल्या, "पण कोणीतरी बघायला हवं होतं..." ईशान दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला. मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही.

गेल्या शनिवारी मी ईशानबरोबर बागेत गेले. बाग घेण्यासाठी लोक रांगेत आहेत, त्यामुळे किल्ली परत करायची होती. तो ब्रेडा शहरात नोकरी करतो, त्याला जमण्यासारखं नव्हतं, आणि मनातही नव्हतं. चालता चालता म्हणाला, "मावशी, ऑनेस्टली, मला त्या गोगलगायींचा राग यायचा. समरमध्ये माझे सगळे फ्रेंड्स बीचवर, आणि आम्ही हेजखाली."

कुंपणाच्या सावलीत एक चपटा दगड होता, भोवती फुटलेल्या शंखांचा सडा. इथला कस्तुर पक्षी गोगलगाय चोचीत धरून अशा दगडावर आपटतो आणि खातो. ईशान उकिडवा बसला. एकेक तुकडा उचलून उजेडात धरू लागला, पिवळे एका बाजूला, तपकिरी दुसऱ्या बाजूला. हे त्याला कोणी कधी शिकवलं ते मी विचारलं नाही. पिवळ्यांचा ढीग वाढत गेला. तपकिरी तुकडे जेमतेम मूठभर.

"मावशी, ऑलमोस्ट सगळे पिवळेच आहेत," तो म्हणाला. "जाळीत ब्राऊन राहिले असतील. आई म्हणायची तसंच."

एका दगडावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं ताईंनी नक्की सुनावलं असतं. आणि ते सुनावायला त्या तिथे नाहीत, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

तेवढ्यात बागेच्या संघटनेचे आजोबा सायकल भिंतीला टेकवून हात हलवत आमच्याकडे येऊ लागले. ईशानने डाव्या हाताने शंखांचे तुकडे भराभर जॅकेटच्या खिशात भरले. मग त्याने बाहीने डोळे पुसले.

"तू सांग त्यांना," तो म्हणाला. "किल्ली घरी राहिली म्हणून सांग."

किल्ली त्याच्या उजव्या मुठीत होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये तसं सांगितलं.