वाक्चातुर्य अठरा

शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात पिकाला पाणी रात्रीच भरायचं असल्यानं आमच्या पिंपरी पेंढारच्या दुपारी रिकाम्या जातात. अशा दुपारी आम्ही तिघं मित्र कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत बसून फाशाचा एक खेळ खेळतो. लग्न न जमलेले तीन बाप्ये सोंगं घेऊन खेळतात हे बाहेर कळलं तर गाव आमची वरात काढेल, म्हणून दार ओढून घेतो.

पुण्याची नोकरी सोडून आलेल्या मित्रानं हा खेळ आणला. गोष्ट तो सांगतो, आम्ही दोघं गोष्टीतली माणसं होतो. कुणाच्या अंगात किती ताकद, किती अक्कल, ते आधीच कागदावर लिहायचं. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. तो कागदावरच्या आकड्याच्या आत पडला की काम फत्ते. दुसरा मित्र ट्रॅक्टर चालवतो, अंगानं नुसती काडी. तो झाला पैलवान. मी झालो राजाचा वकील, म्हणजे परक्या दरबारात बोलणी करायला धाडतात तो. वाक्चातुर्य अठरा.

मी तोतरा आहे. घरात फारसं अडत नाही, पण चार परकी माणसं समोर आली की पहिलं अक्षर टाळूला चिकटतं. म्हणून तर वकील घेतला होता. निदान कागदावर तरी.

एका दुपारी गोष्टीत आम्ही किल्ल्याच्या दारात पोचलो. मी फासा उचलला तर गोष्ट सांगणारा मित्र म्हणाला, "असं नाय. किल्लेदाराला काय सांगतो ते आधी बोलून दाखव."

मी किल्लेदारातल्या 'कि'वरच अडकलो. पैलवान हसला आणि लगेच गप्प झाला. हसण्यापेक्षा ते गप्प होणं जास्त लागलं. कान तापले. मग राग आला, आणि रागात मला बरं बोलता येतं.

"मगाशी ह्यानं भिंत पाडली, तवा ह्याला चाळ पाडून दाखव म्हणला का तू? त्याची ताकद कागदावरची चालती, आन माझी जीभ चालत न्हाई?"

मित्र विचारात पडला. "खरंय राव. टाक फासा."

सात पडला. मित्रानंच वकिलाचं भाषण म्हणून दाखवलं, किल्लेदार विरघळला, दार उघडलं. मी घरी शीळ घालत गेलो.

पुढच्या आठवड्यात डिंगोऱ्याला मुलगी बघायला गेलो. आमच्यात मुलाकडून मामा बोलतो. मुलानं मान खाली घालून पोहे खायचे. ही पद्धत मला फार मानवते. मामा तर असा बोलका की दगडालाही पाझर फुटावा. त्या दिवशी तो जरा जास्तच रंगला.

"पोरगं गप दिसतंय म्हणून फसू नका, पावणं. बोलाया लागलं का माणसं जागची उठत न्हाईत. गावात भांडान झालं तर मिटवायला ह्यालाच बोलावत्यात."

मी पोह्यांतले शेंगदाणे चमच्यानं बाजूला सारत राहिलो. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. ते मी उघडलं नाही. मुलीचे वडील खूश झाले. "मंग बोलू द्या की दोघांना जरा."

मागच्या पडवीत टोमॅटोचे क्रेट रचले होते. मुलगी त्यांना टेकून उभी राहिली. "बोला ना," म्हणाली. मी सुरुवात केली, अक्षर अडलं. ती थांबली. तिनं नजर वळवली नाही, की लोक करतात तसा माझा शब्द स्वतः पुरा केला नाही. असं माझ्यासाठी कुणी थांबत नाही. शेवटी कसंबसं निघालं, "मला... बोलता येत नाही."

"अडतं, त्याचं काय नाय," ती म्हणाली. "माझ्या चुलत्यालापण अडतं. पण मग खोटं का बोलला?"

खोटं मी बोललो नव्हतो. मी काहीच बोललो नव्हतो. तेही तिला सांगता आलं नाही. लाजेनं मला त्या क्रेटांच्या मागं लपावंसं वाटलं.

दोन दिवसांनी मामा म्हणाला, "पत्रिका जुळत न्हाई म्हणत्यात." त्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती.

परत लाईट रात्रीची आली, तसे आम्ही जमलो. वकील आता दरबारात उभा होता. मित्रानं समजूतदारपणे फासा माझ्यापुढं सरकवला. "तू बोलू नको. नुसता टाक."

मी टाकला. तीन पडला. मित्र माझ्या वतीनं बोलू लागला, फार सुंदर बोलला, सगळा दरबार डोलला. आणि मी मान खाली घालून ऐकत बसलो, डिंगोऱ्यात बसलो होतो तसाच.