मोगऱ्याची रात्र

वसंतराव गेल्याला दीड महिना झाला. ते गेल्याचं सांगायला त्यांच्या बहिणीचा, कमलताईंचा, फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघावं? "आणि बाल्कनीतले दिवे?" बाई मला वेडा समजल्या असतील... पण दवाखान्यात जाताना या माणसानं मला बजावलं होतं, "संध्याकाळी सात वाजता बंद करजो गा. विसरू नको." आणि मी हो म्हटलं होतं.

प्रताप नगरात आमचे फ्लॅट समोरासमोर. शेजारी सात मजली इमारत उठली आणि त्यांच्या बाल्कनीत भरदुपारी अंधारून यायला लागलं. तिथं एक मोगरा होता. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, खापरखेड्याच्या वीजघराच्या क्वार्टरमधून कुंडीसकट आणलेला. वहिनी गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला एक कळी धरली नाही. मग वसंतरावांनी झाडांसाठीचे ते ग्रो लाइट मागवले. सगळा जांभळा उजेड! मी म्हटलं, "काय गा, ऑर्केस्ट्रा बार काढला काय?" ते हसले नाहीत. मोगऱ्याच्या बाबतीत हा माणूस हसत नसे.

उभी हयात वीजघराच्या पाळ्यांत गेलेली. तिथं वीज तयार करणारा संच बंद पडणं म्हणजे नामुष्की. तेव्हा यांनी दिवेही चोवीस तास चालू ठेवले, आणि पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळू लागली. नर्सरीवाला म्हणाला, काकाजी, झाडालाही रात्र लागते. "मले कोणी सांगतलंच नाही गा," हे ते इतक्या अपराधी सुरात म्हणाले, की मी चिडवायचं सोडलं. टायमर लावा म्हटलं तर ऐकतील ते वसंतराव कसले! सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद, स्वतःच्या हातानं. यंदा एप्रिलमध्ये चार फुलं आली. चारही वहिनींच्या फोटोपुढे ठेवली. मला एक दिलं नाही, चिक्कू माणूस!

माणूस गेल्यावर दहा दिवस घरातला उजेड जाऊ द्यायचा नाही, ही कमलताईंची रीत. त्या रामटेककडच्या. समई तेवत होती आणि बाल्कनीतले दिवेही रात्रंदिवस चालू. मी रोज सातला जायचो, बटणाकडे पाहायचो आणि जरा बसून परत यायचो. सुतकाच्या घरात कोण तोंड उघडणार? पाचव्या दिवशी पानं पिवळी दिसली. माझी मलाच लाज वाटली.

"ताई, ते दिवे बंद करावे लागतील."

"माणूस गेला त्या घरात कोणी अंधार करते काय गा भाऊ?"

मग मी सगळं सांगितलं. मोगरा वहिनींचा आहे, असा उजेड राहिला तर तो मरेल, आणि मी वसंतरावांना शब्द दिलेला आहे.

"वहिनीचा होय..." म्हणत बाई स्वतःच उठल्या आणि बटण दाबलं. पाच दिवस कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याचं पाहणारी ती बाई तिथंच, अंधारात, भिंतीला टेकून रडायला लागली.

"आता गेला गा माझा दादा."