शुक्रवारचा रविवार

ये, जवळ सरक. दारातच काय बसतेस पाहुणीसारखी? काकांच्या मातीला आलीस, त्यानंतर आज तोंड दाखवतेस. काकी मेली की जिवंत आहे, विचारावंसं वाटलं नाही होय गं? असू दे. चहा घे आणि ऐक. हे मी चर्चच्या पाळकांनाही सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प चारला राहायचो. मी घरी शिलाई करायची, तुझे काका अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यात लेथवर. वीज पुरावी म्हणून एकेका भागाला वेगळ्या वारी सुट्टी, त्यांच्या कारखान्याला शुक्रवारी. रविवारी हे डबा घेऊन कामाला आणि मी एकटी चर्चला, भक्तीला. शेजारची सिंधी बाई हसायची, "भाभी, तुम्हारे साहब का संडे फ्रायडे को आता है क्या?" मी म्हणायची, "हां बहन, हमारा भगवान भी शिफ्ट में आता है."

पाळक मात्र विचारत, "मिस्टर प्रभुभोजनाला कधी बसणार?" घरी येऊन सांगितलं की हे म्हणत, "मी तिकडे प्रभूजवळच उभा असतो." खोटं नव्हतं ते. जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, मशीनला लावला की कापून होईपर्यंत उभं राहायचं, तेवढ्यात हे प्रभूची प्रार्थना म्हणत. एक जॉब, एक प्रार्थना. बाजूचा मिस्त्री चिडवायचा, "काय पुटपुटतोस रे? मशीनवर मंतर टाकतोस काय?" हे म्हणायचे, "तुझ्यासाठी पण म्हणतोय, गप काम कर." शुक्रवारी आम्ही दोघं घरात बसून गाणं म्हणायचो, पवित्र शास्त्र वाचायचो. तो आमचा रविवार.

मग कारखाना बंद पडला. एका सकाळी गेटला कुलूप आणि माणसं बाहेर. मी म्हटलं, चला, प्रभूने यांचा रविवार तरी परत दिला.

पहिल्याच रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रार्थना सुरू झाली, सगळं चर्च म्हणतंय आणि यांचे ओठ मिटलेले. वाटेत विचारलं तर म्हणाले, "हात रिकामे असले की शब्द येत नाहीत गं."

मी काय काय केलं. लसूण सोलायला दिला. शिलाई मशीनचं चाक फिरवायला बसवलं. थोडं फिरवलं, मग म्हणाले, "हे तुझं काम आहे. माझं गेलं." मग स्वस्त म्हणून बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या या खोलीत आलो. पुढे चर्चला येणंही सुटलं. शुक्रवारी मी गाणं धरलं की उठून बाहेर जायचे. देवावर रागावले असते तर समजूत तरी काढली असती. राग नव्हताच. बंद पडलेल्या शेडसारखा झाला होता माणूस.

शेवटच्या आजारात बोलणं गेलं. उजवा हात मात्र चादरीवर फिरायचा, हँडल फिरवल्यासारखा. मी कान ओठांशी नेला, तर श्वास तेवढा. त्या हातात प्रार्थना होती की नुसतं मशीन, मला कळलं नाही, आणि सांगणारा गेला. पाळक मातीला म्हणाले, आपला भाऊ प्रभूजवळ आहे. मी मान हलवली. तेव्हापासून प्रभूला विचारते आहे, त्या हातात काय होतं. आता मलाही ती प्रार्थना अर्ध्यावर सुटते.

बघ, चहा निवला तुझा. रविवारी चर्चमध्ये चार माणसं तरी भेटतात. शुक्रवार खायला उठतो गं. पुढच्या शुक्रवारी ये. काही आणू नकोस, मी भात लावीन. गाणं येत नसेल तर नुसती बस माझ्याजवळ, पण ये.