उलटा पाट

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. देवळात जिभेवर आलं, तर घंटा वाजवून बाहेर पडायचो. तुमची-माझी ओळख नाही — म्हणूनच धीर होतोय बहुतेक.

परवा आमच्या पाटबंधारे ऑफिसात नवे ओव्हरसियर आले. साहेब, नोकरीत तुम्हाला आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं, असं काय? — त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुर्बिणीवर छत्री धरा, डबा सावलीत ठेवा. हसले बिचारे. खरं ते मी गिळलं. भीती वाटली हो! अजून वाटते.

भडगावच्या खाली पाटाचा नवा फाटा काढायचा होता. मी धुळ्याहून नुकताच नोकरीला लागलेला, बावीस वर्षांचा, हॅट घालणारा दीडशहाणा. शेवटच्या दोन मैलांची लेव्हल माझ्याकडे. पाटाचं पाणी उतारानंच धावतं. म्हणून जमीन कुठे किती उंच ते दुर्बिणीतून मोजायचं, वहीत लिहायचं, आणि जिथून निघालो त्या दगडाशी परत येऊन आकडा जुळवायचा.

माझा जुळला नाही. बरोबर एक फुटाचा फरक.

पुन्हा मोजायला एक दिवस लागला असता. एकच! पण सकाळी चाळीसगावहून मोठे साहेब वही बघायला यायचे होते, आणि 'चुकलं' म्हणायची हिंमत होईना. मी रबर घेतलं, एक आकडा बदलला. जुळलं. साहेब म्हणाले, शाब्बास.

पाट खणला, पाणी सोडलं. शेवटच्या गावाला ते पोचेचना. अलीकडेच तुंबायचं. तिथं पाणी वाटायला झिपरू नावाचा पाटकरी होता — जुन्या पाटावर तीस वर्षं काढलेला, अबोल माणूस. लोक म्हणू लागले, झिपरू वरच्या मळेवाल्यांना पाणी विकतो. चौकशी लागली. तो हात जोडून एवढंच म्हणाला, "पाटच उलटा शे, सायेब. पानी चढी कसं?"

सगळे हसले. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं — लेव्हल बरोबर आहे ना? आता वही मागवतात की काय! गेली माझी नोकरी! मी म्हणालो, "बरोबर आहे." झिपरूला काढून टाकलं.

थांबा — एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोललोही असतो. त्या रविवारी मी एकटाच जाऊन पुन्हा मोजलं. एक फूट चढ. तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? नाही. उन्हाळ्यात गाळ काढायच्या नावाखाली मी तिथून पुढचा पाटाचा तळ फूटभर खाली घेतला. वाटलं, सुटलो. आता कुणाचं वाईट नाही.

पाणी आलं. पार शेवटच्या शेतापर्यंत आलं. आणि गाव म्हणालं — बघा! झिपरू गेला अन् पाणी आलं. चोर तोच! तोवर चार माणसं तरी त्याच्या बाजूनं बोलत होती, तीही गप्प झाली. त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. हे मला कळलं, कळूनही मी जेवलो. त्या वर्षी मला बढती मिळाली.

पुढे एकदा धुळ्याच्या बाजारात झिपरू दिसला. सोनगीरला सडकेवर खडी फोडत होता म्हणे. मी तोंड चुकवलं, पण तोच पुढे आला. आता चारचौघांत गचांडी धरतो! — धरली असती तर?

त्यानं रामराम घातला. खाली बघत म्हणाला, "पानी उनं म्हने, सायेब. मंग मनाच डोया चुकना व्हई."

तीस वर्षं पाण्यामागं चाललेला माणूस — पाणी आलं, म्हणजे माझाच डोळा चुकला असेल, म्हणत होता. माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, आबा."