पेटलेला बर्फ
धुण्याच्या पावडरीचा वास आला की मला निमगाव साव्याचं आमचं कांद्याचं वावर आठवतं. शिकत असताना मी पुण्याच्या प्रयोगशाळेत, जळणारा गॅस साठवता यावा म्हणून, तो गार पाण्यात दाबाने कोंडू पाहत होते. पण पाणी गॅस धरेना, आणि सरांनी शेवटचा आठवडा दिला होता. वैतागून गावी आले, तर वावरात काकू फवारणीच्या पाण्यात चिमूटभर पावडर टाकत होती. म्हणाली, “पात लई गुळगुळीत. नुसतं पाणी ठरत न्हाई, साबण घातला की धरतंय.” सोमवारी मीही साबणाच्या जातीचं रसायन घातलं, दुपारपर्यंत भांड्यात गॅस भरलेला बर्फ जमला आणि बाहेर काढून काडी लावताच पेटला. मी नाचतच काकूला फोन केला. ती म्हणाली, “पेटवायचंच व्हतं, तर गार कशाला केलं?” आता मी शिकवते, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अख्खा तास लागतो.