डबे उघडून बघणाऱ्या मिस

दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये, असं आपल्याला लहानपणी शिकवतात. आमच्या मिस मात्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांचे डबे बिनदिक्कत बघत फिरायच्या. शिरोड्याजवळच्या आमच्या काजूच्या कारखान्यात त्या सुपरवायझर. आधी चर्चच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून शेठपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या 'मिस'. मी पॅकिंगला. पहिल्यांदा त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उचललं, तेव्हा मला असा राग आला म्हणून सांगू!

पण ते बघणं उगाच नव्हतं. शेठनी कामाची वेळ आठाची सातवर आणली आणि थोड्याच दिवसांत मिसनी एकीला गाठलं. "काय गो, रोज चाय-पावच? कडी-भात खंय गेलो?"

"मिस, रांदूक वेळच गावना नाय."

तशाच त्या ऑफिसात गेल्या. आमच्याशी मालवणी, पण शेठशी कडक शुद्ध मराठी. "वेळ बदललीत ती तुमच्या घड्याळात. यांच्या चुलीपाशी जाऊन बघितलंत का?" सोमवारपासून पुन्हा आठ!

नवीन काही आलं की आधी स्वतः वापरून बघायचं, ही त्यांची आणखी एक खोड. जमिनीवर बसून काजू सोलणाऱ्या बायकांसाठी उंच स्टुलं आली. फोटोत झकास दिसत होती. मिस फ्रॉक सावरत त्यावर चढल्या, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोलत बसल्या आणि कंबर धरून उतरल्या. "अगो बाय माझे, लोंबान लोंबान पायांचो भुगो झालो!" त्याच दिवशी सुताराला बोलावून पाय टेकायला फळ्या ठोकून घेतल्या. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग सोलण्याचं मशीन येणार असं कळलं आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. बहुतेकींचं घर त्या मजुरीवरच चालायचं. शेठनी मिसना सांगितलं, कुणाला काढलं तर चालेल ते बघून ठेवा. मिस प्रत्येकीच्या घरी जाऊन बसल्या. कुणाचा नवरा अंथरुणावर, कुणाची पोर बांद्याला कॉलेजात. परत येऊन त्यांनी शेठना सांगितलं, मशीनमधून निघालेल्या काजूगरांना साल चिकटलेली राहते, ती काढायला हात लागणारच. पर्यटकांसाठीच्या छोट्या पुड्या बाहेरून भरून आणता, त्याही इथेच भरा. सगळ्या सामावल्या. पण शेठ हटून बसले, खर्च कमी झालाच पाहिजे.

"मग माझा पगार वाचवा," मिस म्हणाल्या. "हजेरी आता अंगठ्याच्या मशीनवर आहे. मी गेले तर कुणाची चूल विझत नाही." आणि खरंच राजीनामा दिला. आम्हाला हे कळलं ते त्यांच्या शेवटच्या दिवशी, तेही हिशेबनीसाकडून.

त्या संध्याकाळी बायका नुसत्या रडत होत्या आणि मिस एकेकीला दरडावत होत्या. "रडतंस कित्याक गो? काम माजा गेला, तुजा नाय!"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मिस, आमच्या सगळ्यांचा बघितलात. तुमी गेल्यार आमचा काय होतला, ता बघितलात?"

 मिसनी सवयीने माझ्या डब्याचं झाकण उचललं आणि तसंच परत लावलं.

"ता बघूचा ऱ्हवलाच गो," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या.