जाड सालीची लिंबं

कीटक संशोधन केंद्रात ती झाडाला खवल्यांसारखी चिकटून रस शोषणारी खवलेकीड वाढवायची. घरचे गमतीने तिला ‘किडीची आई’ म्हणत. ट्रेमध्ये लिंबं, संत्री, पपनसं मांडायची, त्यांवर कीड सोडायची आणि कुठे किती फोफावते ते पाहायचं, हे तिचं काम. लिंबावर खवले टपोरे होत, पिल्लंही भरमसाट. संत्र्यावर तीच कीड खुरटायची, कितीतरी जागच्या जागी मरून जायची.

म्हणून अंगणात झाड लावायचं ठरलं तेव्हा तिने नवऱ्याला संत्र्याचं रोप आणायला सांगितलं. तो शिंपी, हट्टाला पक्का. ती गरोदर असताना तिला लिंबाशिवाय काही चालायचं नाही. ते बाळ जेमतेम आठवडाभर जगलं, पुढे मूल झालंच नाही. “लिंबूच लावू,” एवढंच तो म्हणाला आणि लिंबाचं रोप घेऊन आला.

लिंबावर कीड आलीच. रोज दुकान उघडण्याआधी तो साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून पान न् पान पुसायचा. तिकडे तू वाढव, इकडे मी मारतो, म्हणून हसायचा. वर्षानुवर्षं झाड लखलखीत राहिलं.

मग त्याला झटका आला, डावं अंग लुळं पडलं. नोकरी आणि त्याचं अंथरूण यात तिचा दिवस संपायचा. झाडाकडे बघायला कुणी उरलं नाही. खवल्यांनी फांद्या मढल्या, पानं काळी पडून गळली. खाटेवरून अंगण दिसत नसे. तो रोज विचारायचा, ती रोज सांगायची, लगडलंय अगदी. आणि बाजारातली लिंबं आणून उशाशी ठेवायची.

एकदा त्याने एक लिंबू उजव्या हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं.

“हे आपलं नाही गं. आपल्याची साल पातळ असते.”

ती चादरीची घडी करत राहिली.

“गेलं का झाड?”

तिने मान डोलावली.

“तरी आणत जा,” तो म्हणाला. “वास बरा वाटतो.”

तो होता तोवर ती आणत राहिली. तो गेल्यावर शेजाऱ्यांना हात लावू न देता तिने झाड स्वतःच करवतीने कापलं. कामावर परतली, तर लिंबांवर कीड न सोडताच तिने तो ट्रे बाजूला सरकवला. ते ट्रे आता दुसरी बाई सांभाळते. ही संत्र्यांचे बघते.